मेणबत्त्यांच्या सणापर्यंत

श्टाइनहाल्डे,
१४ सप्टेंबर १९४१

चि. रिकेस,
मथेसदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेली जाड सुई आणि दोरा पोचला. कोटाची बाही शिवून झाली, आता हा हिवाळा निघेल. पत्राला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. आपल्या घरात शाळा तुझ्या वाट्याला आली. मी वर्गात बसलो तो नुसता हिवाळ्यापुरता, गवत उगवले की मेंढरांमागे. एक पान लिहायचे म्हणजे मला एक मेंढी कातरण्याहून जास्त घाम येतो.

बातमी अशी की आपल्या उलीला लोखंडी क्रूस मिळाला, दुसऱ्या वर्गाचा. खतासाठी मी विधवा श्मिडच्या शेतात मेंढरे बसवली होती, तिथे पक्षाचा गावप्रमुख क्नाउस स्वतः सांगायला आला. चकचकीत बूट घालून थेट लेंड्यांत उभा राहिला, माझा हात धरून गदगदा हलवला आणि म्हणाला, की तुझ्या पोराने गोळीबारात रशियातली नदी पोहून ओलांडली. मी विचारले, की मग त्याचे कपडे वाळले का. लहानपणापासून त्याची छाती नाजूक, तुला ठाऊक आहे. क्नाउस ही गोष्ट गुत्त्यात सांगत सुटला. आता वाटेत जो भेटतो तो मला विचारतो, की काय मथेस, पोरगं वाळलं का. हसू देत बापडे.

पण खरे सांगू का, मला बिल्ल्यांची भीती वाटते. आल्ब्रेख्तच्या वेळी फ्रान्समधून आधी त्याच्या बिल्ल्याची बातमी आली होती, आणि महिन्याच्या आत ते दुसरे पत्र. थोरला गेला, आता हा एकच. माझी लीना आधीच वारली ते बरे म्हणायचे, पोराचे तिला पाहावे लागले नाही. माझे गुडघे उतारावर दगा देतात. हा कळप मी उलीसाठी राखून आहे, नाहीतर कधीच विकला असता.

तुझी माया माझ्यावर आहे. ती वाढली नाही तरी चालेल, आटू मात्र देऊ नकोस.

तुझा दादा,
मथेस हेगेले


उल्म,
२८ सप्टेंबर १९४१

ती. मथेसदादास,
रिकेचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग डोळे पुसले. पोरगं वाळलं का, हे आमच्या गणवेशाच्या कारखान्यातल्या बायकांना सांगितले, तर एक म्हातारी म्हणाली, की आख्ख्या जर्मनीत शहाणा प्रश्न विचारणारा एकच माणूस उरला आहे आणि तो मेंढरे राखतो. तेव्हा क्नाउसच्या हसण्याचे मनावर घेऊ नकोस.

बिल्ल्याचे मात्र काहीतरीच. मेंढी शिंकली तरी तू अपशकुन मानतोस. उलीने मला लिहिले आहे, की आत्या, युद्ध संपले की कळप मी घेतो आणि बाबांना चुलीशी बसवतो, मग ते दिवसभर मला शिव्या घालतील आणि मी ऐकेन. असे लिहिणारा मुलगा परत येणारच. तू गुडघ्यांना मेंढीची चरबी चोळ आणि रात्री उगाच जागू नकोस.

विहीणबाई असते तर मानपान मागितले असते. बहीण आहे, म्हणून नुसते पत्र मागते. लवकर लिही.

तुझी,
रिके


पोलंडमधल्या इस्पितळातून,
८ मार्च १९४२

ती. बाबांस,
उलीचा शि. सा. न. वि. वि.

घाबरू नका, पाय शाबूत आहे. डाव्या पायाची दोन बोटे तेवढी थंडीने नेली. बार्थोलोम्यूच्या सणाला कापलेल्या शेतातून मेंढपाळ अनवाणी धावतात त्या शर्यतीत मी एकदा पहिला आलो होतो, ती आता शेवटची समजा. या हिवाळ्याबद्दल आम्हा सगळ्यांना एक बिल्ला मिळणार आहे. पोरांनी त्याचे नाव आत्ताच ठेवले आहे, गोठलेल्या मटणाचा बिल्ला. पहिल्या वर्गाचा लोखंडी क्रूसही आला. बाकीच्यांची बोटे मशीनगनला चिकटत होती आणि माझ्याकडे तुम्ही दिलेले लोकरीचे हातमोजे होते, एवढाच माझा पराक्रम. म्हणजे क्रूस खरा आपल्या करड्या मेंढीला द्यायला हवा.

मला आता सार्जंट केले आहे. हाताखाली दहा जण. रात्री झोपण्याआधी अंधारात सगळ्यांना चाचपून येतो. ते वैतागतात, की सार्जंट, आम्ही काय मेंढरं आहोत का. मी म्हणतो, की मेंढरं शहाणी असतात, थंडीत एकमेकांना चिकटून झोपतात.

यंदा कोकरे किती जगली ते कळवा. आणि चुलीशी माझी जागा धरून ठेवा.

आपला आज्ञाधारक,
उली


श्टाइनहाल्डे,
२४ ऑक्टोबर १९४३

चि. रिकेस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू रेडिओ ऐकलास का? उलीचे नाव घेतले. लोखंडी क्रूसातला सगळ्यात वरचा, गळ्यात घालायचा, तो त्याला दिला. नीपर नदीच्या काठी त्याने रात्रभर एका ओढ्याची वाट अडवून धरली आणि जवळ जाऊन रणगाडे उडवले, तेव्हा आपली फौज पलीकडे पोचली, असे पेपरात आहे. फोटोही आहे. सगळे गाव क्रूस पाहते. मी त्याचा गळा पाहिला. फार बारीक झालाय गळा, रिके.

क्नाउस म्हणतो, की गल्लीला त्याचे नाव देऊ. मी म्हणालो, की गल्लीला नाव आहे, मेंढीगल्ली. तर तो भडकला. म्हणाला, की मथेस, तुला मोठं व्हायचंच नाही. खरे आहे. मला फक्त माझा पोर हवा आहे. बिल्ल्यागणिक तो मला दूर गेल्यासारखा वाटतो. साधा शिपाई असता तर त्याला कोणी ओळखले नसते, चुकून एखाद्या स्वयंपाकघरात कामाला लागला असता. आता जिथे आग तिथे त्यालाच पुढे धाडतील. मी हे कोणाला बोलून दाखवत नाही, तुला लिहितो.

रजेवर येणार म्हणतात. आला की त्याने लिहिले तसे त्याला लगेच चुलीशी बसवतो आणि उठू देत नाही.

काळजी करणाऱ्या भावावर दया असू दे.

मथेस


उल्म,
७ नोव्हेंबर १९४३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चुलीशी बसवून तो बसणार नाही. त्याला कायमचा आणायची वाट आहे, नीट वाच. ज्या घराचा एक मुलगा कामी आला आणि एकच उरला, त्या घराच्या बापाने अर्ज केला तर उरलेल्याला आघाडीवरून मागे घेतात. माझ्या शेजारणीचा धाकटा असाच आला, आता गोदामात बूट मोजतो आणि रोज जेवायला घरी असतो. अर्ज मी लिहून सोबत पाठवते आहे. तुला फक्त सही करून जिल्ह्याच्या कचेरीत द्यायचा आहे. सही तुला येते.

क्नाउसला विचारू नकोस. पाद्रीबुवांना विचारू नकोस. शकुन पाहू नकोस.

उत्तराची नव्हे, सहीची वाट पाहणारी,
रिके


श्टाइनहाल्डे,
५ डिसेंबर १९४३

चि. रिकेस,
आशीर्वाद. वि. वि.

उली दहा दिवस राहून काल परत गेला.

स्टेशनवर बँड होता. शाळेतल्या पोरांना त्याच्या फोटोची कार्डे वाटली, त्यांवर तो सही करत होता. क्नाउसने तासभर भाषण केले. उली टोपी हातात धरून उभा, जसा लहानपणी पाद्रीबुवांसमोर उभा राहायचा. घरी मी मसूर आणि श्पेट्झलेच्या शेवया केल्या, डुकराचा तुकडाही मिळवला होता. तो जेवला थोडे. म्हणाला, छान झालंय. पण ताटातले कुत्र्याला दिले, मी पाहिले.

एक गोष्ट मला खुपते. दहा दिवसांत तो कोंडवाड्यात आला नाही. दारापर्यंत आला आणि लाकडाला हात लावून मागे फिरला. मेंढरांनी त्याला ओळखले, ओरडली. मी म्हटले, पाय दुखतोय का. तो म्हणाला, हो, पाय. पण पाय दुखणारा माणूस रोज रानात दोन दोन तास चालत नाही.

शेवटी अर्जाचे काढले. त्याने चुलीत लाकूड सारले. मग म्हणाला, की बाबा, हिवाळ्याच्या मध्यात कळप टाकून आलेला मेंढपाळ तुम्ही दारात उभा कराल का. माझ्या तोंडचेच वाक्य. आपल्याकडे सालगडी फेब्रुवारीत मेणबत्त्यांच्या सणालाच मालक सोडतो, त्याआधी सोडणाऱ्याला पुन्हा कोणी काठी देत नाही, हे मी त्याला तो एवढासा असल्यापासून सांगत आलो. तो म्हणाला, की माझंही साल तेव्हा पुरं होतं असं समजा, सणापर्यंत थांबा, मग काय करायचं ते करा.

तेव्हा मी थांबायचे ठरवले आहे. रागावू नकोस. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, आणि पोर रीतीने वागतो आहे. अर्ज सही करून बायबलात ठेवला आहे.

जिवात जीव नसलेला,
मथेस


उल्म,
१२ डिसेंबर १९४३

दादा,

नमस्कार मागाहून. ती रशियाची आघाडी आहे, गावातल्या जाडजूड शेतकरी बेकचा गोठा नव्हे. तिथला मालक सणाला पगार आणि नवे बूट देऊन गड्याला निरोप देत नाही. तू त्याला रीत शिकवलीस आणि त्याने ती तुझ्यावरच उलटवली. कोंडवाड्यात तो का आला नाही याचा विचार कर. सही झाली आहे ना? मग उद्याच जा. कचेरीला स्वतःलाच उत्तर द्यायला महिना लागतो. आत्ता दिलास तर सणालाच तो घरी येईल, म्हणजे तुझी रीतही राहील.

मी लहान, तरी या वेळी मोठ्यासारखे बोलते. पायांवर डोके ठेवून सांगते, जा.

रिके


रशिया,
९ जानेवारी १९४४

ती. बाबांस,
उलीचा शि. सा. न.

हे पत्र टपालाने येत नाही. पलीकडच्या खोऱ्यातल्या ओटमारचा हात कोपरापासून गेला, तो घरी निघाला आहे, त्याच्या बुटात घालून देतो. क्नाउसच्या कानावर जाऊ देऊ नका.

मी कोंडवाड्यात का आलो नाही ते तुम्ही दोनदा विचारायला आलात आणि न विचारता गेलात. आता सांगतो.

सप्टेंबरात आम्ही मागे हटत होतो. हुकूम असा की शत्रूला काही मिळता कामा नये. गावे जाळायची, धान्य जाळायचे, माणसे आणि जनावरे नदीकडे हाकायची. मी मेंढपाळाचा मुलगा हे कप्तानाला कळले, तेव्हा एका गावचा सगळा कळप त्याने मला हाकायला दिला. ते गाव आम्हीच पेटवले होते, बाबा. बायका रस्त्यावर गाठोडी घेऊन उभ्या होत्या आणि आमच्याकडे पाहतही नव्हत्या.

मेंढरे माझे ऐकेनात. मग त्यांचा म्हातारा मेंढपाळ आपण होऊन पुढे चालू लागला आणि सगळी त्याच्यामागे निघाली. दोन दिवस आम्ही बरोबर चाललो. त्याची भाषा मला येत नव्हती. एका मेंढीचा खूर कुजला होता, मी तो चाकूने कोरायला बसलो. त्याने तुमच्यासारखेच नाक मुरडले, चाकू माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः नीट कोरला. मला हसू आले, तोही हसला. माझी पोरे चिडवायला लागली, की सार्जंटला इथे बाप सापडला.

नदीवर पोचलो तर पुलावरून फक्त फौज जाणार, मेंढरांना वाट नाही. कप्तान म्हणाला, मारून टाका. आमच्यात ज्याला गळ्यातल्या क्रूसाची हाव असते त्याचा घसा दुखतो असे म्हणतात. त्याचा घसा फार दुखत होता, त्याला उशीर नको होता. म्हातारा कळपाच्या मधोमध उभा. मी त्याला हातवारे केले, ओरडलो, शेवटी आपल्या मेंढरांना घालतो ती शीळ घातली. मेंढरांनी माना वर केल्या. तो हलला नाही. मशीनगनमागे माझी माणसे होती आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. गोळी चालवा, असे मी म्हणालो. कप्तान नव्हे, मी.

त्या रात्री रणगाडे आले. ज्याला सकाळ नको असते त्याला रणगाड्यापर्यंत सरपटत जाणे अवघड नसते. पेपरात छापले ते सगळे खरे आहे. दुपारचे तेवढे छापलेले नाही. कप्तानाचा घसा तसाच राहिला आणि क्रूस माझ्या गळ्यात पडला.

आता अर्जाचे. सणाआधी दिलात तर मी इथे नकार लिहून देईन. हाताखाली नवी पोरे आहेत, मिसरूड न फुटलेली, त्यांना ऐन हिवाळ्यात टाकता येणार नाही. सण झाला की द्या. मी येईन, शब्द देतो. मग कोंडवाड्याचे दार मला उघडायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमचा,
उली


श्टाइनहाल्डे,
१९ जानेवारी १९४४

चि. रिकेस,
आशीर्वाद.

सुईणबाई उल्मला बहिणीकडे चालल्या आहेत, त्यांच्या हाती हे आणि उलीचे पत्र धाडतो. आधी दार लाव, मग वाच.

मी ते वाचले आणि कोंडवाड्यात जाऊन बसलो. मेंढरे जवळ आली, कोटाचा खिसा हुंगू लागली. मला त्यांच्याकडे बघवेना. मग वाटले, की माझ्या पोराचेही असेच झाले.

तू म्हणशील, आता तरी जा. जातो गं. पण त्याने शब्द दिला आहे. आधी गेलो तर तो नकार लिहून देईल, हट्टी आहे, आईवर गेला आहे. मग पुन्हा अर्ज चालेल का, मला काय कळते. नंतर गेलो तर तो येणार आहे. दोन आठवडे राहिले. एवढे दिवस काढले, आणखी थोडे काढीन. दार मी उघडणार, हे त्याला परवाच लिहिले. पोचले असेल का?

तुझा,
मथेस


उल्म,
२३ जानेवारी १९४४

ती. दादास,
नमस्कार.

वाचले. सुईणबाई परत निघाल्या आहेत, म्हणून घाईत लिहिते. त्याचा शब्द तू ऐकलास. मला त्यातले दुसरेच ऐकू येते. त्याला घरी यायचे आहे आणि त्याला घरी यायची लाज वाटते, आणि तो या दोन्हींतून सुटायची वाट पाहतो आहे. नकार देईल तर देऊ दे. मागे घेण्याचा हुकूम निघाला की वरचे लोक त्याचे ऐकतीलच असे नाही. दादा, उद्या जा. मी इतके कधी मागितले नव्हते.

रिके


श्टाइनहाल्डे,
३ फेब्रुवारी १९४४

चि. रिकेस,
खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

काल सण झाला. बर्फ गुडघ्याएवढे होते, तरी आज भल्या पहाटे निघालो आणि कचेरीचे दार उघडायच्या आत तिथे उभा. कारकून म्हणाला, की आजोबा, युद्ध अजून सुरू आहे, एवढी घाई कशाला. मी म्हटले, माझ्या पोराचे साल भरले. त्याला काही कळले नाही, पण शिक्का मारला. चांगला, ठसठशीत शिक्का.

येताना गुडघे दुखलेच नाहीत. घरी आल्यावर मेंढरांमागे नेतो त्या गाडीतली उलीची झोपायची फळी घासून धुतली, नवा पेंढा घातला. दोन मेंढ्या व्यायल्या. एकीला जुळी आहेत. धाकटे कोकरू दूध ओढत नव्हते, त्याला मी कोटात घेऊन बसलो आणि त्याच्याशी बोलत होतो, की थांब, तुला पाजणारा येतोय. म्हातारा वेडा झाला म्हणशील. म्हण. आज काही म्हण.

तू भांडलीस म्हणून राग नाही. तू भांडतेस तोवर मला कोणीतरी आहे.

मथेस


श्टाइनहाल्डे,
२४ फेब्रुवारी १९४४

रिके,

उली गेला. सणाच्या आधीच्या रविवारी. काल क्नाउस पत्र घेऊन आला. या वेळी तो हसला नाही आणि मीही काही विचारले नाही.

कप्तान लिहितो, की मागे राहून वाट राखायला माणूस हवा होता, तेव्हा सार्जंट हेगेले आपण होऊन पुढे झाले. पोरांना आधी जाऊ दिले. ती सगळी वाचली म्हणतो.

म्हणजे मी बर्फातून चाललो होतो तेव्हा तो नव्हताच. कोकराशी बोलत होतो तेव्हाही नव्हता.

चर्चमध्ये स्मरणाची प्रार्थना आहे. रीतीप्रमाणे त्याचे आयुष्य घरच्यांनी लिहून द्यायचे आणि पाद्रीबुवांनी वाचायचे. तुला कारखान्यातून रजा मिळत नाही, म्हणून मीच लिहिले. जन्म, बाप्तिस्मा, शर्यत, चारही बिल्ले, सगळे आहे. शेवटी एवढे लिहिले आहे: त्याने हुकमावरून नदीकाठी एक कळप आणि त्याचा मेंढपाळ मारला, तो माणूस निरपराध होता, त्याच्यासाठीही प्रार्थना करावी. सुईणबाईंच्याच हाती पाठवतो. शुद्ध करून दे.

मथेस


उल्म,
२ मार्च १९४४

ती. दादास,
रिकेचा साष्टांग नमस्कार.

काय लिहू. माझ्या हातून शिवणात सगळे वाकडे जाते आहे, मुकादमीण काही बोलत नाही, तिचाही गेला आहे.

मनाला लावून घेऊ नकोस. मी इथल्या कचेरीत मुद्दाम विचारले. तिथला माणूस म्हणाला, की गळ्यातला क्रूस मिळालेल्यांना हल्ली मागे घेतच नाहीत. अर्ज नोव्हेंबरात दिला असता तरी तो परत आला असता. असे त्याने स्पष्ट सांगितले. पुन्हा पुन्हा त्या तारखेचा विचार करू नकोस.

लिहिलेले शुद्ध केले आहे. फार चांगले लिहिले आहेस, मला करायला थोडेच होते. फक्त शेवटचे ते वाक्य काढ. दादा, ते वाचले गेले तर त्याच संध्याकाळी तुला नेतील, पाद्रीबुवांना नेतील आणि ओटमारने पत्र आणले हे शोधून त्या एका हाताच्या पोरालाही नेतील. मेलेल्याला त्याने काही मिळणार नाही. ते आपण दोघे जाणतो, आणि देव जाणतो. तेवढे पुरे मान.

तुझ्याशिवाय आता मला भांडायला कोणी नाही. सांभाळून राहा.

रिके


श्टाइनहाल्डे,
१३ मार्च १९४४

चि. रिकेस,
दादाचे आशीर्वाद.

कचेरीतला माणूस काय म्हणाला ते मी वाचले. पुन्हा वाचले. तू ते माझ्यासाठी लिहिले आहेस, हे मला कळते. पण तिसऱ्यांदा वाचल्यावर मला थोडी झोप लागली. तेव्हा तुझे उपकार.

काल प्रार्थना झाली. चर्च भरले होते, लोक दारात उभे होते. क्नाउसने पुढे उशीवर शिरस्त्राण ठेवले होते. पाद्रीबुवांनी आयुष्य वाचले. ते वाक्य मी काढून टाकले होते. तू म्हणालीस म्हणून नव्हे, मी घाबरलो. नदी पोहून गेला ते वाचले, पाय गोठले ते वाचले, रणगाडे वाचले. विधवा श्मिड हुंदके देत होती. मीही रडलो. माझा मुलगा होता, मी का रडू नये. पण वाचून संपले तेव्हा पाद्रीबुवांनी माझ्याकडे पाहिले. पहिला कागद, तुला धाडण्याआधी, त्यांनी वाचला होता. मी खाली बघितले.

नंतर सगळ्यांनी हात हातात घेतले. म्हणाले, की मथेस, असा मुलगा गावाला पुन्हा मिळायचा नाही. मी मान हलवत होतो. घरी आलो, मेंढरांना गवत घातले. कळप आता विकावा म्हणतो, गुडघ्यांच्याने होत नाही, आणि राखायचा तरी कोणासाठी.

रात्रभर एकच येते मनात, तुलाच लिहितो. त्या म्हाताऱ्यालाही मुलगा असेल. तिकडच्या फौजेत असेल. जिवंत असेल तर त्यांची फौज पुढे येते आहे, आजवर तो आपल्या गावी पोचलाही असेल. घर जळालेले, कोंडवाडा रिकामा. तो शेजाऱ्यांना विचारत असेल, की बाबा कुठे आहेत. शेजारी म्हणत असतील, की मेंढरांबरोबर नदीकडे गेले. मग तो वाट बघत असेल. माझ्यासारखाच, आज येतील, सणाला येतील, असे मनाशी म्हणत असेल. मला निदान कप्तानाचे पत्र आले, रिके. त्याला कोण लिहिणार? मला त्याचे नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, भाषा येत नाही. आणि माहीत असते तरी, मी काय लिहिले असते.

तुझा,
मथेस